ऋणनिर्देशात नसलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

तृतीयपंथी आणि समलिंगी माणसांच्या मुलाखतींवरचा माझा प्रबंध गेल्या आठवड्यात बाइंडिंग होऊन आला. ऋणनिर्देशात मार्गदर्शक बाई आहेत, ग्रंथालयातले काका आहेत, धंतोलीतला टायपिंगवाला दादासुद्धा आहे. तुम्ही नाही. मुलाखत देणाऱ्या कोणाचंही नाव छापणार नाही, असं मीच लेखी दिलं होतं. तेव्हाच तुम्ही फणकारला होतात, "एवढं बोलाचं अन् नाव नाही?" म्हणून हे पत्र. तेही बिननावाचंच, काय करू!

कामठी रोडवरच्या तुमच्या खोलीत मी पहिल्यांदा आले ती ६४ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन. तुम्ही चहा टाकलात. "आपण वेगळे आहोत हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" हा माझा पहिलाच प्रश्न. मला तो फार मायेचा वाटायचा. तुम्ही हसलात. "मले काय कळाचं होतं? मी होती तशीच होती. कळलं ते लोकायले."

परतीच्या ऑटोतच मी तो प्रश्न खोडला. त्याच्या जागी लिहिलं, "लोक तुमच्याशी वेगळं वागायला लागले ते कधीपासून?" पुढे तृतीयपंथी असोत की समलिंगी, ज्याला त्याला हे विचारलं की माणूस बोलतच राहायचा. शाळेची मुतारी, चुलत बहिणीच्या लग्नात वेगळं मांडलेलं ताट, औषध न देता नुसतं न्याहाळत बसलेला कंपाउंडर. बाकीचे ६३ प्रश्न मग बरेचदा पिशवीतच राहायचे.

कुटुंबाच्या तक्त्याचंही तसंच. "कुटुंबप्रमुखाशी नातं" या रकान्यात मुलगा, सून, जावई, इतर. तुमच्या डेऱ्यात, म्हणजे तृतीयपंथींच्या एकत्र घरात, गुरू, चेले, गुरुभाई, सगळे "इतर"मध्ये. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यातही असाच "इतर" होता. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं त्यात मोजली गेली. हे आकडे मी जरा ऐटीतच सांगितले. तुम्ही म्हणालात, "आमच्याइकडं तं कोणी मोजाले आलंच नाही. मंग हे कोण आहेत?" आकडेवारीचं प्रकरण याच प्रश्नाने सुरू होतं.

आणि जात. ती मी शेवटच्या पानावर ढकलली होती, "सामाजिक प्रवर्ग" अशा सोवळ्या नावाने. समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली दीक्षाभूमीचं कॅलेंडर. मी मात्र कागदात मान घालून. शेवटी तुम्हीच म्हणालात, "खोली पाहाले गेली का आधी आडनाव विचारतेत, मंग मले पाहातेत. एकाच दारात दोनदा नाही आयकाव लागते." जात आणि लिंग दोन्ही एकदम आडवं येणं, विद्यापीठात याला आंतरछेदिता म्हणतात. तो शब्द उच्चारताना माझी जीभ अजूनही अडखळते. तुमचं वाक्य पहिल्याच दिवशी पाठ झालं. जात आता पहिल्या पानावर आहे.

सगळ्यांत आधी घडलेलं शेवटी सांगते, कारण त्याची मला लाज वाटते. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपलं लिंग आपण सांगायचा हक्क मान्य केला, हे मी तुम्हाला समजावत होते. आणि माझ्याच संमतीपत्रावर छापलेलं होतं, "ओळखपत्राप्रमाणे नाव". तुम्ही विचारलंत, "कोन्त्या नावानं करू सही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही माझ्या हातातलं पेन घेतलंत, "ओळखपत्राप्रमाणे" हा शब्द खोडलात आणि स्वतःचं नाव सावकाश, काना-मात्रेसकट लिहिलंत. तो कागद विभागातल्या कपाटात कुलपात आहे.

रविवारी सकाळी येते. तर्री पोहे मी आणते, चहा तुमचा. तिसरं प्रकरण वाचून दाखवायचं आहे. खोडायला पेनही आणते.

तुमची,
६४ प्रश्नवाली