लाइव्ह म्हणून तिकीट विकलंत आणि पेन ड्राइव्ह ऐकवलात

तुमच्या तिकीट ॲपच्या मॅनेजमेंटसाठी लिहितोय, कस्टमर केअरशी बोलणं आज चौथ्या कॉलला संपलं. शनिवारचा रत्नागिरीचा संगीत विनोदी नाटकाचा प्रयोग, चार तिकिटं, 500 प्रमाणे 2000, वर तुमची फी आणि जीएसटी मिळून 141 रुपये 60 पैसे. तुमच्याच ॲपवर लिहिलेलं होतं "6 वादकांसह लाइव्ह". ते वाचूनच मी तिकिटं काढली, नाहीतर पावसहून आईला रात्रीची गाडी करून आणलं नसतं, परतीला एसटी मिळत नाही त्या वेळेला.

वादक एकही नव्हता. स्टेजच्या कडेला पेटी आणि तबल्याची जोडी मांडून ठेवलेली, तबल्याशेजारी हातोडी पडलेली ती तीन तासांत कोणी उचलली नाही. विंगेत एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसलेला, त्याचा निळा उजेड तिसऱ्या रांगेत आमच्यापर्यंत येत होता. इंटरव्हलला आई म्हणाली, पेटीवाला नाय आला काय रे? काय सांगू तिला?

मी शिमग्यात नमनाला, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याला, मृदंग वाजवतो, म्हणून हे मला लागलं. त्यातलं विनोदी पात्र संकासूर काहीतरी बोलतो, लोक हसतात, ते हसू ओसरेपर्यंत आम्ही ठेका धरून बसतो, कधी एक आवर्तन कधी चार, आणि त्याची मान हलली की मग पुढे. विनोदी गाणं असंच चालतं, रोजचं हसू रोज वेगळं असतं. लॅपटॉपवरचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी सासऱ्याचं काम करणारा नट ओळीच्या शेवटी भुवई उचलायचा, हॉल हसायचा आणि त्याची पुढची ओळ हसण्याखाली गाडली जायची, मग तो धावत ट्रॅकला गाठायचा. दुसऱ्या अंकात ट्रॅक मध्येच अडकला तेव्हा त्याने हात वर केलेलाच ठेवून उरलेलं कडवं नुसत्या गळ्यावर म्हटलं, आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. कलाकारांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ती माणसं जीव तोडून करत होती.

आता आजचा कॉल. 11 मिनिटं होल्डवर ठेवल्यावर तुमचा माणूस विचारतो, "सर, म्युझिक वाजलं ना?" मी म्हटलं वाजलं. "मग इश्यू काय आहे सर?" मी म्हटलं माणसं वाजवणार होती, तुम्ही तसं लिहिलं होतं. "सर, शो पूर्ण बघितलात का?" हो बघितला, आई सोबत होती, मध्येच उठून कुठे जाणार. "मग सर सर्व्हिस वापरली गेली, रिफंड बसत नाही." मी परत सांगितलं, 6 वादक लिहिलं होतं, एकही नव्हता. त्यावर तो म्हणाला, "सर तिकडे एवढ्या लांब शो येतो हेच खूप असतं ना, बाकी कोणी कम्प्लेंट केली नाही." हे वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये असेल, काढून ऐका. एवढ्या लांब म्हणजे काय? आमच्या 500 रुपयांची किंमत मुंबईच्या 500 पेक्षा कमी आहे का? इथे गावागावात रात्र रात्र जागून नमन आणि दशावतार बघणारी माणसं आहेत, कोण वाजवतंय आणि कोण वाजवत नाही ते आम्हाला कळतं.

आयोजकांकडे बोट दाखवू नका, पैसे तुम्ही घेतलेत आणि लाइव्ह हा शब्द तुमच्या ॲपवर होता, त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. पूर्ण 2141 रुपये 60 पैसे परत हवेत, फीसकट. सात दिवसांत आले नाहीत तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, तो रत्नागिरीतच आहे आणि 5 लाखांपर्यंत तिथे फीसुद्धा लागत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणतात ते तुमच्या वकिलाला विचारा.

वादक नव्हते. हे चार वेळा फोनवर सांगितलं, आता लिहून देतोय. आणि "कशी वाटली संध्याकाळ, रेटिंग द्या" असा मेसेज आज सकाळी तिसऱ्यांदा आलाय, तो आधी बंद करा.