गवंडीमामा, भिंतीतलं नांद्रुक आता तबकात आलं

आदरणीय गवंडीमामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं तिनं कबूल केलंय. घरी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही नेहमीसारखं "ऱ्हाऊ द्या वो" म्हणून विषय बदलला असता. म्हणून चार लोकांच्या देखत लिहितोय.

2016 चा जून. मृग लागायचा आठवडा. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची मागची भिंत फुगली होती आणि तिच्या दर्जेतून, म्हणजे दगडांच्या सांध्यातून, नांद्रुकाचं झाड बाहेर आलं होतं. कुणा पाखरानं बी टाकलं असेल, माझ्या लहानपणापासून ते तिथंच. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी कोयत्यानं छाटायचं, ते पुन्हा फुटायचं. छाटून छाटून बुंधा मनगटाएवढा झाला होता आणि उंची जेमतेम दीड फूट. तुमच्या आधी भिंत बघायला आलेल्यानं सांगितलं, मुळात ॲसिड ओता, आठ दिवसांत वाळतंय. आईनं त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. वड-पिंपळाच्या जातीचं झाड जाळायचं नाही, एवढंच ती म्हणाली.

मला ते झाड जिवंत हवं होतं, बोन्साय करायला, म्हणजे उथळ तबकात लहानच ठेवून वाढवायला. त्याचं कारण तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. कंपनीनं मला दोन वर्षं अमेरिकेत ओरेगन राज्यात पाठवलं होतं. तिथल्या डोंगरांवर डग्लस फर नावाचं झाड आहे. 1820 च्या दशकात त्या भागात हिंडून झाडं गोळा करणाऱ्या डेव्हिड डग्लस या स्कॉटिश माणसाच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. नावात फर असलं तरी ते खरं फर नाही. पानं सुईसारखी, बोटांत चुरगळली की संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. फळाच्या खवल्यांमधून तीन टोकांची जिभळी बाहेर येते; उंदीर आत शिरलाय आणि मागचे पाय नि शेपूट तेवढी बाहेर राहिलीय, असं तिथली माणसं पोरांना सांगतात. हे झाड जंगलात 90 मीटरच्या पुढं जातं, म्हणजे तीस मजली इमारत. पण तेच बी उंचावर खडकाच्या खोबणीत पडलं, तर शंभर वर्षांतही गुडघ्याएवढंच राहतं. वारा, बर्फाचं ओझं आणि मूठभर माती. बुंधा मात्र दंडासारखा आणि साल जुन्या माणसाच्या टाचेसारखी भेगाळलेली. वनखात्याचा परवाना काढून तिथले लोक असं झाड मुळांच्या गड्ड्यासकट उचलतात, लाकडी पेटीत लावतात आणि मग दोन-तीन वर्षं त्याला हातही लावत नाहीत.

ते झाड मी कोल्हापुरात आणू शकत नव्हतो. त्याला कडक थंडीची झोप लागते, आपली थंडी म्हणजे सकाळचा एक स्वेटर. पण परत आलो आणि मागच्या भिंतीकडं बघितलं, तेव्हा वाटलं, हेसुद्धा खडकाच्या खोबणीतलंच की.

तुम्ही आलात, भिंतीला हात लावला, ओळंबा सोडला आणि मग बराच वेळ नुसतं झाडाकडं बघत उभे राहिलात. म्हणालात, "वडून न्हाई यायचं. दगुड काडाय लागतील." मी पहार घेऊन तयार होतो, ती तुम्ही बाजूला ठेवायला लावलीत. छिन्नीनं दर्जेतला जुना चुना टोकरत गेलात, इंच-इंच. कुठलं मूळ कुठं वळलं असेल हे तुम्ही चुन्याच्या ओलीवरून सांगत होता. ओला चुना दिसला की छिन्नी ठेवून बोट घालायचात. तीन दगड काढले, प्रत्येकावर खडूनं आकडा टाकला, वरच्या दगडांना लाकडी पाचरी मारल्या. यात अर्धा दिवस गेला. भिंतीच्या पायात उतरलेलं मोठं मूळ एका घावात कापलंत, चीक फडक्यानं टिपला आणि कापावर गेरू लावलात.

त्या मुळांपैकी एक मूळ मी अजून रोज बघतो. दोन दगडांच्या फटीत वाढल्यानं ते पट्टीसारखं चपटं झालंय. दोन बोटं रुंद आणि जाडी रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी जास्त. त्याच्या एका अंगावर तिरप्या बारीक रेघा आहेत. त्या कसल्या ते मला कळेना. तुम्ही काढलेला दगड उलटा करून दाखवलात. घडवणाऱ्या पाथरवटाच्या टाकीचे घाव होते ते, तेवढ्याच अंतरावर, तसेच तिरपे. कुणा माणसानं कधीकाळी दगडावर मारलेली टाकी झाडानं अंगावर उतरवून घेतली होती. ओरेगनच्या डोंगरात मी पुष्कळ झाडं बघितली, पण असं काही बघितलं नव्हतं, आणि तुम्ही दगड उलटला नसता तर इथंही बघितलं नसतं.

माझी पहिली चूक तुम्ही त्याच दुपारी थांबवलीत. फरचं झाड उचलताना जुनी माती धुवायची नसते, तिच्यात बारीक मुळं असतात आणि मुळांच्या सोबतीनं जगणारी बुरशी असते. ते डोक्यात धरून मी चुन्याचा ढेकूळ मुळांना तसाच ठेवत होतो. तुम्ही म्हणालात, भिंतीत ते नाइलाजानं चुन्यात राहिलं, आता कशाला? बादलीत बुडवून सगळा चुना सोडवलात. तुमच्या वाळूच्या चाळणीतून जुन्या विटांचे तुकडे चाळलेत, ज्वारीच्या दाण्याएवढे ठेवलेत आणि भुकटी फेकून दिलीत. भुकटीनं पाणी तुंबतं, तुकडा पाणी धरतो आणि वाटही देतो, हे तुम्ही गिलाव्याच्या अनुभवावरून सांगितलंत. त्यात थोडं कुजलेलं शेणखत, बस्स. आपली काळी माती घालायची नाही, हे दोघांनाही पटलं. वरून ओलं गोणपाट टाकून पेटी सावलीत ठेवली. एकविसाव्या दिवशी बुंध्यावर टोकदार हिरवा कोंब आला. मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही कुठंतरी स्लॅबवर होता, आणि तरी संध्याकाळी येऊन बघून गेलात.

भिंत तीन दगडांसकट जशीच्या तशी बसवून दिलीत. हिशेब झाला तेव्हा म्हणालात, "भितीचं पैसं द्या, झाडाचं नगो." ती अर्ध्या दिवसाची हजेरी अजून माझ्याकडं आहे.

दुसरी चूक 2018 ची, आणि ती तुम्ही असतानाही टळली नाही. जुलैत फांद्यांना ॲल्युमिनियमची तार गुंडाळून वळण दिलं. फरच्या फांदीवर तार अख्खा हंगाम राहू शकते. नांद्रुक आपल्या पावसात किती झपाट्यानं फुगतं हे मी ध्यानात घेतलं नाही. गणपतीत तुम्ही प्रसादाला आलात, झाडाजवळ गेलात आणि म्हणालात, "ही तर कॉलमाची सळई बांधल्यागत आवळली." तार सालीत रुतली होती. मी उलगडायला लागलो तर तुम्ही हात धरलात. कटरनं वेढा-वेढा तोडायला लावलात, म्हणजे साल सोलणार नाही. डाव्या फांदीवर ते वळ आजही आहेत. आता पावसाळ्यात तार घातली की दर आठवड्याला बघतो.

आणि 2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 फुटांच्या वर. आम्ही रात्री आईला घेऊन राजारामपुरीत पाहुण्यांकडं गेलो. कागदपत्रं घेतली, औषधं घेतली. झाड माझ्या मनातही आलं नाही, हे खरं सांगतो. सात दिवसांनी परत आलो तेव्हा मागचं अंगण चिखलानं भरलेलं, पेटीची जागा मोकळी. गेलं असं समजून मी चिखल ओढायला लागलो. दुपारी गच्चीवर गेलो तर पेटी तिथं, कठड्याला सुतळीनं बांधलेली. आम्ही निघाल्यावर शेजाऱ्यांचं सामान वर चढवायला तुम्ही आणि तुमचा मुलगा आला होता आणि ते वजन दोन जिने वर नेलं होतंत. तुमच्या स्वतःच्या घरात तेव्हा गुडघाभर पाणी होतं, हे मला दिवाळीत कळलं.

लोक विचारतात, असं झाड कुठं मिळेल. त्यांना इथंच सांगतो, राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाला हात लावू नका. परवानगीशिवाय तिथलं रोप उचलणं गुन्हा आहे. पेठापेठांतल्या जुन्या भिंती बघा, मालकाला विचारा, आणि चांगला गवंडी सोबत घ्या.

मामा, या जूनमध्ये झाड पेटीतून काढून उथळ तबकात लावलं. तबक कुंभार गल्लीतून करून घेतलं, तळाला चार भोकं. चपटं मूळ मुद्दाम वर ठेवलंय, रेघा समोरून दिसतील असं. पानं आता लहान यायला लागलीत आणि उजव्या फांदीखाली पारंबीचा पहिला दोरा सुटलाय.

येत्या रविवारी या. आई थालीपीठ करणार आहे. येताना ती जुनी चाळण आणा, शेजारच्या बोळातल्या भिंतीत अजून एक आहे आणि मालक हो म्हणालेत. यावेळी हजेरी आधी घ्यायची, मगच छिन्नी.

आपला,
शुक्रवार पेठेतला, मागच्या भिंतीचा मालक