नवा प्रिंटर घेण्याआधी स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी फोटो प्रिंट करण्याबद्दल तुमच्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. हिशेब वगैरे चांगला मांडलाय, लॅबच्या तुलनेत काय पडतं, पेपर कुठला, शाई किती जाते, सगळं ठीक. पण रंगांचा विषय आला आणि लेखकाने एका वाक्यात उरकलं, की रंग अचूक पाहिजेत तर जरा वरचा प्रिंटर घ्या. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण इथे कोल्हापुरात ओळखीतले लोक नेमकं हेच करताना बघतो. फोटो काळपट आला की प्रिंटर खराब, मग सहा रंगांचा आणायचा, आणि त्याच्यावर पण तोच फोटो तसाच काळपट येतो, मग दुकानदाराशी वाद घालत बसायचं.

अहो, काळपट येतो तो बहुतेक वेळा प्रिंटरमुळे नाहीच. स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि कागदावर जेवढा उजेड पडतो तेवढाच तो परत देतो, एवढी साधी गोष्ट आहे. आकड्यात सांगायचं तर दुकानातून आणलेला मॉनिटर फुल ब्राइटनेसला २५० ते ३०० निट्स (निट म्हणजे पृष्ठभाग किती उजळ दिसतो ते मोजायचं एकक) देतो, मोबाइल उन्हात हजारच्या वर जातो, आणि रात्री घरात ट्यूबखाली साधारण १५० लक्स (वस्तूवर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड असेल तर पांढरा शुभ्र फोटो पेपरसुद्धा जेमतेम ४०-४५ निट्स दिसतो. म्हणजे तुम्ही पाच-सहा पट उजळ स्क्रीनवर फोटो एडिट करणार, तिथे चेहरा फार उजळ वाटतोय म्हणून उलट अजून थोडा डार्क करणार, आणि मग कागदावर तोच चेहरा काजळी धरल्यासारखा येणार. यात प्रिंटरने काय करायचं? प्रिंटसाठी मॉनिटर ८० ते १२० निट्सला ठेवायचा असतो, जे काम करणारे लोक आहेत ते असंच ठेवतात. मोजायचं यंत्र नसेल तर प्रिंटरमधला एक कोरा कागद स्क्रीनशेजारी धरायचा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचं, आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटते, नंतर सवय होते.

दुसरं, रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करणारा मोड असतो ना, तो चालू ठेवून लोक फोटोचे रंग ठरवतात. मोबाइलमध्ये डिस्प्लेला व्हिव्हिड मोड असतो तो पण तसलाच, त्यात पावसाळ्यातला आंबोली घाट असा हिरवा दिसतो की तिथे राहणाऱ्यालाही ओळखू येणार नाही. तो मोड काढून नॅचरल करा आणि मग बघा, निम्मी निराशा तिथेच संपते. तसं बघितलं तर स्क्रीनवरचा तो चमकता निळा आणि झगझगीत हिरवा कुठल्याच घरगुती प्रिंटरकडे नसतो, निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई एकमेकांवर टाकून जेवढं जमतं तेवढंच जमतं, त्यामुळे गडद निळा हमखास जांभळ्याकडे झुकतो. जेजुरीचा भंडारा त्यातल्या त्यात बरा येतो कारण पिवळी शाई प्रिंटरकडे स्वतःचीच आहे. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेतल्या गुलालाचं दुखणं वेगळंय, तिथे कॅमेऱ्यातच लाल चॅनेल फुटतो, म्हणजे लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे पुसले जातात, आणि माणसांच्या अंगावर गुलालाऐवजी सपाट गुलाबी ठिगळं दिसतात, ते नंतर कुठलाही प्रिंटर दुरुस्त करू शकत नाही, एक्स्पोजरच थोडं कमी ठेवायला पाहिजे होतं. आणि पैठणीची जर? ती कागदावर पिवळी-तपकिरीच येणार, सोन्याची चमक शाईत नाही, हे घरच्या बायकांना लग्नाच्या फोटोआधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता खरा घोटाळा, ज्याच्याबद्दल लेखात एक शब्द नव्हता. कॉम्प्युटरवरून प्रिंट देताना रंग सांभाळायचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं, एक तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणि दुसरं प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. दोघांनी मिळून केलं की फोटो लाल मारतो, चेहरे उन्हात भाजल्यासारखे दिसतात. नियम एवढाच, की दोघांपैकी एकानेच करायचं. फोटोशॉपमधून पेपरचं प्रोफाइल (त्या पेपरवर रंग कसे येतात ते सांगणारी फाइल, पुढे सांगतोच) निवडून प्रिंट देत असाल तर ड्रायव्हरमध्ये जाऊन रंगांची ढवळाढवळ बंद करायची, एप्सनमध्ये तिथे नो कलर अ‍ॅडजस्टमेंट असं लिहिलेलं असतं, कॅननमध्ये मॅचिंग टॅबमध्ये कलर करेक्शनला नन करायचं. आणि हे सगळं झेपत नसेल तर उलटं करा, सॉफ्टवेअरला सांगा की प्रिंटरलाच रंग सांभाळू दे, आणि फाइल एसआरजीबी ठेवा. एसआरजीबी ही एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये त्या काळच्या साध्या मॉनिटरवरून ठरवलेली रंगांची चौकट, जुनी आहे, छोटी आहे, पण सगळ्यांना कळते. काही लोक कॅमेऱ्यात अडोब आरजीबी करून ठेवतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की त्यात रंग जास्त असतात, ते खरंही आहे, पण ती फाइल ज्या अ‍ॅपला फाइलीला जोडलेली रंगांची माहिती वाचता येत नाही तिथे नेली की फोटो धुतलेल्या कपड्यासारखा फिका दिसतो. ज्याला हे निस्तरता येत नाही त्याने एसआरजीबीच ठेवावं, त्यात काही कमीपणा नाही.

त्याहून सोपी आणि त्याहून जास्त वेळा चुकणारी गोष्ट म्हणजे पेपरचा प्रकार. ग्लॉसी पेपर घातलाय आणि ड्रायव्हरमध्ये प्लेन पेपर तसाच राहिलाय. त्या एका सेटिंगवर प्रिंटर किती शाई सोडायची ते ठरवतो, कुठली काळी वापरायची तेही ठरवतो, आणि ते चुकलं की पुढचे सगळे रंग चुकणारच. पेपर उलटा घातला तर विचारायलाच नको, शाई वाळतच नाही, बोटाला लागते.

आता माझी मुख्य तक्रार. बाजारात फोटो पेपरची जी स्वस्त पाकिटं मिळतात, १८० जीएसएम, २१० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅममध्ये), वर एका गोऱ्या मुलीचा किंवा पोपटाचा फोटो, त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं की हा पेपर वापरताना ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप, म्हणजे पेपरचा प्रकार, कुठला निवडायचा. प्रोफाइलचं तर नावच नाही. प्रोफाइल म्हणजे काय, तर अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक पेपर या तिघांची जोडी जमली की रंग नेमके कसे येतात त्याची मोजून केलेली फाइल. शेकडो रंगांचे चौकोन प्रिंट करायचे, ते यंत्राने मोजायचे, त्यातून ती तयार होते, एका मॉडेलसाठी अर्ध्या दिवसाचं काम सुद्धा नाही. या फाइलीचं एकच स्वरूप सगळीकडे चालावं म्हणून १९९३ मध्ये अडोब, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्या एकत्र आल्या होत्या, म्हणजे काही काल निघालेलं खूळ नाही हे. परदेशातल्या नावाजलेल्या पेपर कंपन्या ही प्रोफाइलं वेबसाइटवर फुकट ठेवतात. आपल्याकडे एका पाकिटावर कस्टमर केअरचा नंबर होता, फोन लावून प्रोफाइल मागितलं तर समोरच्याने विचारलं कुठल्या सोशल मीडियाचं प्रोफाइल. त्या बिचाऱ्याला बोलून उपयोग नाही, त्याला कुणी सांगितलंच नसणार.

शाईचंही तेच. इंक टँकमध्ये बाहेरची स्वस्त शाई भरण्यात मला काही पाप वाटत नाही, रोज गठ्ठ्याने प्रिंट काढणाऱ्याला ओरिजिनल परवडत नसेल. पण प्रिंटरबरोबर आलेली सगळी सेटिंग कंपनीच्या शाईवर बेतलेली असतात, शाई बदलली की ती लागू नाहीत. किरमिजी बाटली संपली म्हणून तेवढीच दुसऱ्या कंपनीची ओतायची, हे तर करूच नका. अशा वेळी एक करायचं, फोटोऐवजी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करड्या छटांची पट्टी प्रिंट करून बघायची. रंगीत फोटोत डोळा फसतो, करड्यात फसत नाही, हिरवी झाक असो की गुलाबी, लगेच दिसते. त्याआधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी प्रिंटरची चाचणी, काढा, पट्ट्यातली एखादी रेघ तुटलेली असेल तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ. बरेच दिवस प्रिंटर बंद राहिला तर हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, सुकू शकतं, म्हणून अधूनमधून एखादं रंगीत पान काढत राहायचं.

आणि प्रिंट बघायचा कुठे? हॉलमध्ये वॉर्म व्हाइट बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेड पिवळट की निळसर ते सांगणारा आकडा), किचनमध्ये कूल डेलाइट ६५०० चा, एकाच फोटोचे दोन फोटो होतात. त्यात स्वस्त एलईडीत लाल कमी असतो म्हणून कुंकू आणि कातडी मरगळलेली दिसते. छपाईच्या धंद्यात ५००० केल्विनच्या दिव्याखाली प्रिंट तपासतात, घरी दिवसा खिडकीपाशी, थेट उन्हात नाही, असं उभं राहून बघितलं तरी पुरे. तेही लगेच नाही, प्रिंट बाहेर आल्यावर शाई वाळेपर्यंत रंग थोडे सरकतात, काही तास जाऊ द्यात, फ्रेम करायची असेल तर एक दिवस.

कुणी म्हणेल एवढी उठाठेव घरच्या फोटोसाठी कशाला. तर तुमच्याच वर्तमानपत्राकडे बघा. न्यूजप्रिंट करडा, पातळ, शाई शोषणारा, त्यावर चारही रंग मिळून साधारण २४० टक्क्यांच्या वर शाई टाकता येत नाही, नाहीतर पान मागून दिसायला लागतं, आणि तरी रोज रात्री हजारो प्रतींमध्ये पुढाऱ्यांचे चेहरे ओळखू येतील असे छापले जातात. पानाच्या कडेला ते चार रंगांचे ठिपके असतात ते शोभेला नसतात, मशीनवरचा माणूस ते बघून शाई आणि जुळणी सांभाळतो. एवढ्या हलक्या कागदावर हे जमतं ते कागद आणि शाई ठरलेली असते आणि त्याप्रमाणे फोटो आधी तयार केलेला असतो म्हणून. घरी आपल्याकडे याहून कितीतरी चांगला पेपर असतो, फक्त काही ठरलेलं नसतं.

मॉनिटर मोजायचं यंत्र, म्हणजे डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं तसलंच काहीतरी, एकट्याला महाग वाटतं, पण गावोगावी फोटोग्राफी क्लब आहेत, एकाने घेऊन सगळ्यांच्या घरी फिरवलं तर कुणालाच जड जाणार नाही, डिस्प्लेकॅलसारखं सॉफ्टवेअर तर फुकट आहे. शाळा-कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधूनही हे दाखवता येईल, मुलांना एक्सेलपेक्षा यात जास्त मजा येईल असं मला तरी वाटतं.

पेपर विकणाऱ्यांनी पाकिटाच्या मागे दोन ओळी छापाव्यात, कुठल्या प्रिंटरवर कुठला मीडिया टाइप, आणि प्रोफाइल कुठून उतरवायचं. त्या पोपटाच्या फोटोपेक्षा कमी जागा लागेल. दुकानदारांनी पाकीट विकताना त्याच पेपरवर काढलेला एक नमुना भिंतीवर लावावा. आणि तुम्हाला विनंती अशी, की पुरवणीत पुढच्या वेळी प्रिंटरांची तुलना छापाल तेव्हा किमती आणि मिनिटाला किती पानं याच्याबरोबर तो नमुना कुठल्या पेपरवर, कुठल्या शाईने आणि ड्रायव्हरच्या कुठल्या सेटिंगला काढला तेवढं लिहीत जा.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर