विमानाच्या संदेशांची पडताळणी हवी

महोदय,
नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावरील संदेशयंत्रणा बिघडली आणि शेकडो उड्डाणे रखडली. चर्चा झाली ती उशिराचीच. मला जास्त काळजी वाटते ती संदेश खरा की खोटा याची.

नागपूरच्या सोनेगाववरून जाणारे विमान एडीएस-बी या आपोआप रेडिओ संदेश सोडणाऱ्या यंत्रणेद्वारे १०९० मेगाहर्ट्‌झवर आपला २४ बिटांचा पत्ता (म्हणजे ओळख क्रमांक), ठिकाण, उंची सतत सांगत असते. या संदेशाला ना कुलूप, ना डिजिटल सही. कोणीही तो वाचू शकतो. त्याला माझी हरकत नाही, आजूबाजूच्या विमानांना तो कळायलाच हवा. पण तसाच बनावट संदेशही सोडता येतो. शिवाय जीपीएसला चकवले, तर विमान स्वतःच चुकीचे ठिकाण कळवते! रडारशी ताडून पाहणे, तोच संदेश वेगवेगळ्या रिसीव्हरांवर किती वेळेच्या फरकाने पोहोचला यावरून ठिकाण काढणे, हे उपाय उपलब्ध आहेत. म्हणून खर्च वाचवण्यासाठी रडारला कात्री लावू नये.

नागपूर विमानतळाच्या विस्तारात प्रवाशांचे वाय-फाय, कंपन्यांचे संगणक आणि नियंत्रण कक्ष यांची संगणक-जाळी (नेटवर्क) वेगळी ठेवावीत. आतला संगणक आहे एवढ्यावरच त्याला मोकळी वाट देऊ नये. निविदेतच ही अट लेखी घालावी.

– एक वाचक, सोमलवाडा, नागपूर