साक्षीला उभी राहणार असशील तर

ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
१७ ऑगस्ट २०२५

चि. मानसीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की आई स्पीकर चालू करते, काकी हातातलं टाकून आत येते, आणि तू काय सांगत होतीस ते बाजूला राहून जेवलीस का, थंडी आहे का, यावरच बोलणं संपतं. म्हणून कागदावर लिहितोय. शेजारचा पोरगा याचे फोटो काढून पाठवील. त्याला चार ओळींच्या वर वाचायचा कंटाळा आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

आधी इथे तुझ्या गोष्टीचं काय झालं ते ऐक. तू सांगितलंस ते एवढंच, की डब्लिनात ट्रॅममधून उतरलीस, स्टॉपच्या बाहेर तीन पोरांनी तिथल्याच एका माणसाला खाली पाडून लाथा घातल्या, तू बघितलंस आणि गार्डांनी, म्हणजे तिथल्या पोलिसांनी, तुझा नंबर घेतला. काकीने ते वाडीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत 'डब्लिनात मालवणच्या मुलीवर हल्ला' झालेला होता. रात्री आठला दोघे जण छत्र्या झाडत पडवीत आले आणि असे चेहरे करून बसले की मलाच क्षणभर शंका आली. दुसऱ्या दिवशी आईने देवळात नारळ ठेवला. 'परमुलखात आसलेल्या लेकराच्या वाटेत कोण आडवो येत आसात, तर तेका बाजूक कर रे म्हाराजा,' गाऱ्हाणं झालं, आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. आईला त्या रात्री झोप लागली.

मला लागली नाही, त्याचं कारण वेगळं. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "बाबा, ते जबाब द्यायला या म्हणतायत. जाऊ?" आई मधेच म्हणाली, "आपल्याक काय करूचा आसा? तेंचा ते बघून घेतीत." तू 'बरं' म्हणालीस. ते 'बरं' माझ्या गळ्याखाली उतरलेलं नाही.

जा, असं माझं सांगणं आहे. का, ते जरा लांबण लावून सांगतो.

सगळी नोकरी मी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून काढली हे तुला ठाऊकच आहे, पण तिथे दिवसभर काय बघायचो ते घरी कधी बोललो नाही. साहेबांच्या पुढ्यात खाली माझं टेबल, त्यावर रोजनामा, आणि बाजूला साक्षीदाराचा पिंजरा. त्या पिंजऱ्याच्या आडव्या दांडीचा रंग दोनच ठिकाणी उडालेला असायचा. पुन्हा रंग दिला तरी वर्षभरात त्याच दोन जागी लाकूड दिसायला लागायचं, कारण येणारा प्रत्येक जण दोन्ही हातांनी तिथेच धरायचा. सिनेमात दाखवतात तशी गीता-बिता आमच्याकडे कधी नव्हती. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, एवढंच म्हणून घ्यायचो.

आणि पोलिसांपुढे घडाघडा बोललेला माणूस तिथे म्हणायचा, "माका कायएक म्हायत नाय. मी थंय नव्हतंयच." आपल्या कायद्यात पोलिसाने घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे 'मी असं सांगितलंच नव्हतं' म्हणायला वाट मोकळी. सरकारी वकील उठून साक्षीदार फितूर जाहीर करा म्हणायचे, की झाला पुढचा पुकारा. लोकांना वाटतं असे साक्षीदार पैसे खातात. खाणारे असतात, पण मी बघितले ते बहुतेक भावकीने बांधलेले. आरोपीची बायको साक्षीदाराच्या माहेरची, नाहीतर फिर्यादीशी त्याचा गडग्यावरून दावा चाललेला. आपल्याकडे डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा आधी कुणाच्या बाजूचं ते ठरतं, मग तोंडातून बाहेर पडतं.

एक केस सांगतो, नावं गाळून. बंदरावरची मारामारी, बर्फाच्या हिशेबावरून. एकाचा हात फळीने मोडला. वेळ सकाळच्या लिलावाची, म्हणजे बंदर भरलेलं. जाळी विणणारे होते, चहावाला होता, पाट्या घेऊन बसलेल्या बायका होत्या. पोलिसांना सांगणारा मिळाला एकच, होडीवरचा नेपाळी खलाशी. तुला माहीत आहे, आपल्याकडे होड्यांवर नेपाळी, देवगडच्या हापूसच्या बागा राखायला नेपाळी. मोडक्या हिंदीत त्याने सांगितलं ते पोलिसाने मराठीत उतरवलेलं मी फायलीत वाचलंय. त्यात एक वाक्य असं होतं की जे गावातल्या कुणीच सांगितलं नसतं. पहिला हात फिर्यादीने उगारला होता, फळी त्यानंतर आली. म्हणजे दोन्हीकडच्यांना न परवडणारं. त्याला ना हा धार्जिणा ना तो, म्हणून जे दिसलं ते सांगून मोकळा झाला.

पुढे केस बोर्डावर येईपर्यंत मालकाने त्याचा हिशेब करून त्याला कुडाळला कोकणकन्येत बसवून दिलं होतं. समन्स परत आलं, शेरा नेहमीचाच, 'सदर इसम मिळून येत नाही'. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. आणि बंदरावर बोलणं काय झालं? 'नेपाळी पळालो.' तोंडं शिवून बसले ते सगळे इथलेच होते, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला त्याचा अजून राग येतो.

आता तिथे तू नेपाळी आहेस. स्टॉपवर आणखी माणसं होती, एकाने व्हिडिओ काढला, बाकीची पांगली, मग मीच का जाऊ, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. हे ओझं त्यांनी उचलायला हवं होतं, कबूल. पण तुला त्या गावात भावकी नाही. पडलेला माणूस तुझा कोणी नव्हे आणि मारणारी पोरं तुझ्या वैऱ्याची नव्हेत. तू सांगशील त्यात कुणाचा गडगा नाही की कुणाची निवडणूक नाही. अशा साक्षीदाराची कोर्ट वाट बघत असतं, हे मी खालच्या टेबलावरून बघितलंय.

तू गप्प राहिलीस तर तिथे शांतता राहील असं समजू नकोस, ती जागा दुसरं कुणीतरी भरतं. आपल्या वाडीच्या ग्रुपने अर्ध्या दिवसात काय केलं ते वर लिहिलंच आहे. तुमच्या डब्लिनच्याच टॅला उपनगरात जुलैत आपल्या एका माणसाला मारलं, कपडे ओढले, आणि वर त्याच्याबद्दल नाही नाही ते खोटं पसरवलं. वाटेने जाणारी एक आयरिश बाई त्याच्या मदतीला गेली आणि जे बघितलं ते उघडपणे बोलली, म्हणून त्या खोट्याला टक्कर मिळाली. नंतर १ ऑगस्टला आपल्या दूतावासाने सूचना काढली, आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष हिगिन्सही निषेधाचं बोलले. पण आधी बोलली ती रस्त्यावरची बाई. तिने 'मला काय करायचंय' म्हटलं असतं तर?

इथल्या लोकांना डब्लिन म्हणजे अजून वराडचं पाव्हणेर वाटतं. वराड आपल्याच तालुक्यातलं, तिथल्या डॉक्टर अशोक वराडकरांचा मुलगा २०१७ साली तिथला पंतप्रधान झाला, २०१९ च्या डिसेंबरात गावी येऊनही गेला, तेव्हापासून 'थंय आपलो माणूस आसा' हे पालुपद. २३ नोव्हेंबर २०२३ ला पार्नेल स्क्वेअरच्या शाळेबाहेर लहान मुलांवर चाकू चालला आणि संध्याकाळी जमावाने बस, ट्रॅम जाळल्या, तेव्हा लिओ वराडकरच पंतप्रधान होते. चाकू चालवणारा परदेशी, एवढ्या खबरीवर ते सगळं पेटलं. आणि ज्यांनी धावत जाऊन त्या चाकूवाल्याला रोखलं त्यांत जेवणाचे डबे पोचवणारा ब्राझीलचा कायो बेनिसियो होता. मोटरसायकल थांबवली आणि हेल्मेटने हाणला. तोही परदेशीच.

म्हणून तू हेल्मेट घेऊन धावावंस असं मी म्हणत नाहीये. तीन पोरांच्या मध्ये पडली नाहीस, लांब उभी राहून ९९९ फिरवलास, हे फार बरं केलंस. पुढेही तसंच कर. माझं म्हणणं त्या रात्रीपुरतं नाही, दुसऱ्या दिवसाच्या उजेडात, चार भिंतींच्या आत, खुर्चीवर बसून करायच्या कामाचं आहे.

तुला दोन गोष्टींची भीती आहे. व्हिसाची एक. साक्षीदार म्हणजे आरोपी नव्हे, हे आधी मनात पक्कं कर, आणि तरी धाकधूक वाटली तर दूतावासाला सरळ विचार. दुसरी तू आईसमोर बोलली नाहीस, पण आवाजावरून मला कळली. ती पोरं कोवळी होती, सोळा-सतराची असतील म्हणालीस, त्यांचं आयुष्य आपल्यामुळे वाया जाईल का? तिथे अठराच्या आतल्यांना सरळ तुरुंगात टाकत नाहीत. २००१ च्या बालकायद्याने पोलिसांचीच एक व्यवस्था आहे, पोराला समज द्यायची, लक्ष ठेवायचं, गुन्ह्याचा छाप न मारता मार्गावर आणायचं. कुणाला ती द्यायची हे ठरवायला तिथे माणसं नेमलेली आहेत. तू त्यांच्यासाठी आधीच निकाल लिहून ठेवू नकोस.

आता जबाब कसा द्यायचा. हे मला येतं, तर ऐकून घे.

आज रात्रीच वही घे आणि आठवतं ते सगळं लिहून काढ, मराठीत. त्या वेळी बरोबर होती त्या मैत्रिणीशी त्यावर बोलण्याआधी लिही. दोघींनी बोलून झालं की तिचं बघितलेलं तुझ्या डोळ्यांत येतं, आणि उलटतपासणीत वकील नेमकं तेच उकरून काढतो. तो व्हिडिओ तुझ्याकडे आला असला तरी लिहून होईपर्यंत बघू नकोस. कुठे पाठवू तर अजिबातच नकोस, काकीच्या ग्रुपवर तर नाहीच.

पांढऱ्या बुटाचं सांगितलंस ते छान. एका पोराच्या बुटाची नाडी सुटलेली होती आणि लाथ मारताना ती फटके मारत होती, हे तू मला म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं की तू खरोखर बघितलंयस. असलं सांग. चेहरा नीट दिसला नसेल तर दिसला नाही म्हण. 'असेल', 'बहुधा' असलं काही गार्डाने लिहिलं नाही ना ते बघ, आणि जे तू म्हणाली नाहीस ते सभ्यपणाने त्याने नीटनेटकं करून घातलं असेल तर खोडायला लाव. तिथे जबाब वाचून दाखवतात आणि खाली तुझी सही घेतात, मघाशी सांगितलं तसं आपल्यासारखं नाही. त्यामुळे प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही, बाहेर रांग असली तरी. इंग्रजी तुझं चांगलं आहे, पण घाबरल्यावर आपण सगळे हो-हो म्हणतो. दुभाषा हवा तर माग, त्यात कमीपणा नाही.

आणि जाताना त्यातला एक पोरगा तुझ्याकडे बघून काहीतरी ओरडला. ते शब्द तू आम्हाला सांगितले नाहीस, नको सांगूस. पण गार्डाला सांग, जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी. रंगावरून, देशावरून द्वेषाने केलेल्या गुन्ह्याला तिथे २०२४ च्या अखेरीपासून वाढीव शिक्षेचा कायदा लागू झालाय, त्यात ते बसतं की नाही हे त्यांना ठरवू दे. आमच्या कोर्टात आईबहिणीवरच्या शिव्या माझ्यादेखत अक्षरशः टाइप झाल्यात, शेजारी साहेब बाई असताना. लाज ज्याने उच्चारलं त्याची असते.

एवढं करूनही ते तुला कोर्टात बोलावतील असं नाही. कित्येक जबाब फायलीतच राहतात. बोलावलं आणि तारीख लांबली तर वैतागू नकोस, तारखा लांबणं ही काही फक्त सिंधुदुर्गाची मिरास नसावी.

तुझ्या आईचं मी बघतो. तू फोनवर हा विषय काढू नकोस, निदान गणपती घरी येऊन जाईपर्यंत तरी. चाकरमानी येतील, माटवी बांधायची आहे, तिच्या मागे कामं खूप आहेत, आणि एकदा का तिला कळलं की तू जाऊन आलीस, की ती आधी मला चार दिवस बोलेल आणि मग शेजारी जाऊन 'आमच्या मानसीन साक्ष दिल्यान' म्हणून सांगेल. मला तिचा अनुभव आहे.

आतेभाऊ चतुर्थीनंतर तिकडे यायला निघेल, त्याच्याबरोबर कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला पाठवतोय. गेल्या खेपेला आगळ बॅगेत सांडलं, या वेळी बाटलीला मेण लावून देईन.

आणि खरंच कधी कोर्टात गेलीस तर माझ्यासाठी एवढं बघून ये. तिथे साक्षीदार उभा असतो की त्याला बसायला देतात, शपथ कोण देतं, आणि घसा कोरडा पडला तर पाणी मागावं लागतं की आधीच ठेवलेलं असतं. सविस्तर कळव.

तुझा,
बाबा