मूळ प्रतीला कात्री नको, शेजारी टीप लिहा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जुनी पुस्तके, चित्रपट व ध्वनिमुद्रिकांतील आक्षेपार्ह मजकुराबाबत

महोदय,

जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली किंवा जुना मराठी चित्रपट साफसूफ होऊन पुन्हा दिसू लागला, की पाठोपाठ निवेदन येते. त्यात एखादा शब्द, एखादे पान किंवा एखादा प्रसंग नमूद केलेला असतो आणि खाली ठरलेली मागणी असते : वादग्रस्त मजकूर वगळावा. फाइल खाली-वर फिरते. शेवटी एक तर तो मजकूर गुपचूप गळतो, नाहीतर पुस्तक पुन्हा छापायचेच राहून जाते. जुन्या ग्रंथांचे संपादन, चित्रपटांच्या प्रती तपासणे आणि तबकड्यांवरचा आवाज उतरवून घेणे हे आमचे रोजचे काम आहे. त्यावरून आमचे मागणे एवढेच, की मूळ प्रतीला हात लावू नये. जे सांगायचे ते तिच्या शेजारी टीप लिहून, तारीख घालून आणि खाली सही करून सांगावे.

निवेदन देणाऱ्यांचे दुखणे खोटे नसते. जातीवरून हिणवणारे शब्द, बायकोच्या थोबाडीत मारली की टाळ्या घेणारा नायक, तोतऱ्या माणसाची किंवा तृतीयपंथीयाची टिंगल हे सगळे आपल्या साहित्यात आणि सिनेमात भरपूर आहे. त्यावर ‘काळच तसा होता’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची आहे आणि ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ ची. त्याच काळात वेगळे पाहू शकणारी माणसेही होती. तेव्हा ज्या टिपेत ‘तत्कालीन समाजमान्यतेनुसार’ एवढेच लिहिलेले असेल, ती टीप परत पाठवावी.

एक पुस्तक जवळून पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’, १९१५. वतने, बलुते, कुणब्याचे वर्षभराचे येणे-देणे यांचा इतका तपशील असलेले त्या काळातले दुसरे मराठी पुस्तक सापडणे कठीण. त्यातच ‘फिरस्ते’ हे प्रकरण आहे आणि त्यात भटक्या जमातींविषयीचा संशय लपत नाही. लपावा तरी कसा? याच लेखकाने १९११ मध्ये ‘गुन्हेगार जाती’ नावाचे पुस्तक लिहिले होते आणि १८७१ पासूनचा गुन्हेगार जमातींचा कायदा तेव्हा लागू होता. आता हा भाग ‘सोज्वळ’ करायला बसलो तर अडचण अशी, की कोण गावात केव्हा येतो, काय मागतो ही माहिती आणि त्याच्याविषयीचा तिटकारा एकमेकांत विणलेले आहेत. तिटकारा उपटला की माहितीचा धागाही निघतो. शिवाय विमुक्तांचा, म्हणजे त्या कायद्यातून पुढे सुटलेल्या जमातींचा, इतिहास लिहिणाऱ्याला हा तिटकाराच पुरावा म्हणून हवा असतो. पांढरपेशा वर्गाने कायद्याला मनातून कशी साथ दिली, हे तो दुसरीकडे कुठे शोधणार?

अशा प्रकरणाच्या पहिल्या पानाखाली पुढच्यासारखी टीप पुरेशी आहे :

‘या प्रकरणात भटक्या जमातींविषयी सरसकट संशय घेणारी वर्णने आहेत. लेखनकाळी गुन्हेगार जमाती कायदा लागू होता. त्याखाली संपूर्ण जमातींची नोंद, हजेरी व हालचालींवर बंधने होती. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मजकूर १९१५ च्या आवृत्तीप्रमाणे.’

खाली टीपकाराचे नाव आणि साल. चार-पाच वाक्यांच्या वर जाऊ नये. लांब प्रस्तावना वाचक उलटून टाकतो, आणि पुस्तकाच्या शेवटी घातलेली टीप कोणी पाहत नाही. टीप त्याच पानावर हवी. लेखकाला शिव्या घालणारी किंवा त्याची वकिली करणारी टीपही कामाची नाही. वाचकाला ठाऊक नसेल अशी निदान एक गोष्ट तिने सांगितली पाहिजे.

शासनाचा स्वतःचा दाखला यात उपयोगी पडेल. १९८७ मध्ये राज्य शासनाने डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्ट काढा म्हणून आंदोलन झाले, काढू नका म्हणून त्याहून मोठा मोर्चा मुंबईत निघाला. शेवटी परिशिष्ट राहिले आणि त्याला, शासन या मतांशी सहमत नाही, अशी तळटीप जोडली गेली. मजकूर टिकला हे उत्तम झाले. टीप मात्र फक्त शासनाची सुटका करते, वाचकाच्या हाती काही देत नाही. (आंबेडकरांच्या ग्रंथाला अशी टीप लागावी, याची बोच अनेकांना आजही आहे.) तेव्हा पायंडा चांगला, टीप अपुरी.

चित्रपटाच्या बाबतीत ‘एक शब्दच तर काढायचा आहे’ असे बैठकीत सहज म्हटले जाते. त्यात काय बिघडते ते सांगतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी-शेजारी नसतात. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीनंतर येतो, म्हणून आवाज सुमारे २० फ्रेम आधी छापलेला असतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हे अंतर पाऊण सेकंदाहून थोडे जास्त भरते. ओठ पाहून प्रतीतला तुकडा कापला तर शिवी तशीच राहते आणि तिच्यानंतरचा भलताच शब्द जातो. दोन्ही साधायचे तर तुकडा लांब कापावा लागतो. मग पात्र खुर्चीवरून एकदम दारात दिसते आणि प्रेक्षकाला वाटते, प्रतच खराब आहे. प्रत दुसऱ्या गावी गेली की तिथे आणखी कोणी कापतो. जुन्या प्रतींतल्या कित्येक उड्यांचे मूळ झिजण्यात आहे की कात्रीत, हे आज सांगता येत नाही, कारण कापणाऱ्याने नोंदच ठेवलेली नसते.

संगणकावर हे सोपे झाले असे वाटते, पण तिथे दुसरी गोची आहे. जुन्या मराठी चित्रपटांचे संवाद, संगीत आणि इतर आवाज एकाच मोनो पट्टीत मिसळलेले असतात. वेगळे ट्रॅक बहुधा उरलेले नसतात. शब्द मुका केला की त्याखालची पेटी आणि ढोलकीही मुकी होते. लावणीत हे झाले तर कानाला लगेच टोचते. मुका करण्याऐवजी शब्द कापून जोड दिला तर मात्रा कमी पडते आणि सम चुकते. दहा इंची ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे असतात. त्यातला एक अंतरा काढला की उरते ते गाणे नव्हे. सॉफ्टवेअरने आवाज वेगळे करता येतात हे खरे, पण तसे केलेल्या आवाजाला मूळ म्हणू नये.

प्रमाणपत्राचा प्रश्नही आहे. ते केंद्राच्या हातात आहे आणि प्रमाणित चित्रपटात पुढे बदल केला तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाला कळवून तो नोंदवून घ्यावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र कायमचे झाले, म्हणजे जुन्या चित्रपटाला केवळ मुदतीसाठी पुन्हा रांगेत उभे राहायचे कारण उरलेले नाही. तेव्हा राज्याच्या महामंडळाने कोणाच्या तोंडी सूचनेवरून स्वतःच कापाकापी करणे नियमातही बसत नाही.

शब्दांची यादी करून चाळणी लावायची सूचना अधूनमधून येते. तिचे काय होते ते २०२५ मध्ये ‘फुले’ चित्रपटाच्या वेळी दिसले. जातींच्या नावांसह ‘पेशवाई’सारखे शब्द बदलायला सांगितले गेले आणि ११ एप्रिलचे प्रदर्शन २५ एप्रिलला गेले. जातीचा जाच दाखवणाऱ्या चित्रपटातून जातीची नावे काढायची, मग जाच केला कोणी आणि सोसला कोणी? यादीला शिवी आणि साक्ष यांतला फरक कळत नाही. तीच यादी दया पवारांच्या ‘बलुतं’ला (१९७८) लावून पाहावी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला, तो रास्तच होता. पाटीवरचे नाव आज तिथे राहणाऱ्याच्या पत्त्यावर, दाखल्यावर लागते. ‘बलुतं’मधला ‘महारवाडा’ मात्र बदलता येणार नाही. तो बदलला तर त्या माणसाचे सोसणे पुसले जाईल.

आणि कात्री नेहमी आपल्याच हातात राहते असे नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘स्वराज्य तोरण’ला १९३० मध्ये ‘उदयकाल’ व्हावे लागले, १९३५ मध्ये एकनाथांवरच्या ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला. १९७० मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ नाटकाच्या वेळी साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली गेली, तर डाग निळा करून तो लाल समजावा असे प्रेक्षकांना सांगितले गेले. नाटके तपासणारे परिनिरीक्षण मंडळ आपल्याच खात्यात आहे, म्हणून हे आठवले.

काही ठिकाणी हात आखडता घेणे योग्यच आहे आणि त्याला आम्ही सेन्सॉरशिप म्हणणार नाही. शासकीय कार्यक्रमात कोणती गाणी लावायची, शाळांना कोणती पुस्तके पाठवायची, पुनर्मुद्रणात पहिला क्रम कशाला द्यायचा, हे निवडण्याचा अधिकार आपल्याला आहे. मुलांसाठी वेगळी आवृत्ती काढायची असेल तर काढावी, मात्र मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असे ठळक छापावे आणि मूळही उपलब्ध ठेवावे. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतले शब्द बदलल्यावर इतका गदारोळ झाला, की प्रकाशकाला जुना पाठही छापत राहू असे जाहीर करावे लागले. तीच गोष्ट आधी करता आली असती.

निवेदन आल्यावर काय करावे, तर आधी आवृत्ती, साल आणि पृष्ठ लिहून घ्यावे. व्हॉट्सअॅपवर फिरणारे छायाचित्र पुरेसे नाही, अनेकदा ते भलत्याच पुस्तकातले निघते. मग तीन जणांनी ते प्रकरण पूर्ण वाचावे : त्या विषयाचा अभ्यासक, पाठसंपादक आणि ज्या समाजाला दुखावले गेले त्यातला जाणकार. तिघांनाही मानधन द्यावे, विशेषतः तिसऱ्याला, कारण त्याच्याकडून हे काम फुकटात करून घ्यायची सवय आपल्याला आहे. ६० दिवसांत लेखी निर्णय द्यावा आणि तो संकेतस्थळावर ठेवावा. कोणी हिंसाचार भडकवत असेल तर कायदा वेगळा आहे. पुस्तक जप्त करायचे तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ नुसार शासनाला कारणे नमूद करावी लागतात आणि ती उच्च न्यायालयात टिकावी लागतात. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या प्रकरणात ती २००७ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाहीत, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही नाहीत.

सुरुवात संकेतस्थळावरच्या पीडीएफपासून करता येईल, त्याला नवा निधीही फारसा लागणार नाही. आज सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. छापील पुस्तकाच्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत विखुरलेल्या असतात, त्या सगळ्या कोणी बदलू शकत नाही. पीडीएफ मात्र त्याच नावाने, त्याच दुव्यावर एका रात्रीत बदलते आणि कोणाला पत्ता लागत नाही. प्रत्येक फाइलच्या नावात आवृत्तीचे साल असावे, तिचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) यादीत जाहीर करावा आणि एक प्रत खात्याबाहेरच्या ग्रंथालयात ठेवावी. टीप जोडलेली फाइल नव्या नावाने चढवावी, जुनी काढू नये. टिपांचा पहिला मसुदा तयार झाला की तो मुद्रणालयात जाण्याआधी विमुक्त-भटक्यांच्या संघटनांकडे वाचायला पाठवावा आणि उत्तरासाठी महिनाभर थांबावे.

कळावे,

आपले,
जुन्या मराठी ग्रंथांवर, चित्रपटांवर आणि ध्वनिमुद्रिकांवर काम करणारे काही जण