तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र: पोरांना सर्किट बोर्ड शिकवा, जुन्या मेनूचं पाठांतर नको

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: डिप्लोमाच्या लॅबमधलं पीसीबी (सर्किट बोर्ड) डिझाईन सॉफ्टवेअर आणि त्याच्या प्रॅक्टिकलचं मॅन्युअल.

साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की किकॅड नावाचं सर्किट बोर्ड डिझाईन करायचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, आणि २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं फेब्रुवारीत त्याची नवी मोठी आवृत्ती आली, सात, आठ आणि नऊ. माझ्याकडे ट्रेनिंगला जी पोरं येतात त्यांच्या लॅबमध्ये मात्र अजून पाच आहे, कुठे तर चार. तुम्ही म्हणाल सॉफ्टवेअरचं व्हर्जन हा काय मंत्र्याला पत्र लिहायचा विषय झाला का. मलाही आधी तसंच वाटायचं.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. लेआउट (बोर्डावर पार्ट आणि तांब्याच्या रेघा कुठे येतील ते आखणं) करून देणे, प्रोटो म्हणजे नमुन्याचे बोर्ड बनवून देणे, पॅनलवाल्यांची रिले कार्ड, एलईडी ड्रायव्हर, असली कामं. मोठं काही नाही. डिप्लोमाची पोरं येतात, इलेक्ट्रॉनिक्सची, काही इलेक्ट्रिकलचीही, आणि पोरं हुशार असतात हो, त्याबद्दल तक्रारच नाही.

मध्यंतरी एक पोरगा आला, त्याच्याकडून कळलं ते सांगतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका कॉलेजची नाहीच. ह्याने घरी भावाच्या लॅपटॉपवर किकॅड नऊ टाकलं, टाकणारच, साईटवर गेलं की तेच मिळतं. पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय, सिंगल साईड म्हणजे तांबं एकाच बाजूला, रात्री बसून छान लेआउट केला, पेनड्राइव्हमध्ये घेऊन कॉलेजला गेला तर लॅबच्या पीसीवर फाईल उघडेना. उघडणारच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हा स्कीमॅटिकच्या, म्हणजे सर्किटच्या आकृतीच्या, फाईलचा फॉरमॅटच बदलला, जुनी फाईल नव्यात उघडते पण नवी जुन्यात नाही, आणि हे पुढच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला लागू आहे. सर म्हणाले मॅन्युअलप्रमाणे परत काढ. काढलं बिचाऱ्याने. सबमिशन झालं, सह्या झाल्या, मार्क मिळाले. सरांना तरी काय बोलणार, एक्सटर्नल (बाहेरचा परीक्षक) आला की तो मॅन्युअलच उघडून बसतो.

आता त्या मॅन्युअलमध्ये काय होतं बघा. जुन्या किकॅडमध्ये स्कीमॅटिक काढायचं, मग नंबरिंग करायचं, मग नेटलिस्टची फाईल बनवायची, मग वेगळ्या खिडकीत जाऊन एकेका पार्टला फूटप्रिंट (त्या पार्टच्या पायांसाठी बोर्डावर लागणारा तांब्याचा साचा) लावायचा, मग बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये ती नेटलिस्ट वाचायची, की सगळे पार्ट एकावर एक ढीग पडल्यासारखे समोर. आत्ताच्या किकॅडमध्ये सिंबॉल निवडतानाच फूटप्रिंट निवडता येतो, आणि एफ८ दाबलं की स्कीमॅटिकमधलं सगळं बोर्डावर. स्कीमॅटिकमध्ये काही बदललं की परत एफ८. एवढंच. ओरलला मात्र प्रश्न तोच, नेटलिस्ट जनरेट केल्यावर पुढची स्टेप कुठली?

नेटलिस्ट म्हणजे काय हे पोराला आलंच पाहिजे हं, कुठली पिन कुठल्या पिनला जोडली आहे त्याची ती यादी, ती डोक्यात बसली नाही तर लेआउट हा नुसता रंगकाम. पण नेटलिस्ट समजणं वेगळं आणि तिचं बटण वरून कितवं हे पाठ असणं वेगळं, आणि आपण मार्क दुसऱ्याला देतो.

दुसरं म्हणजे माऊस. जुन्या स्कीमॅटिकमध्ये पार्टवर क्लिक केलं तर तो सिलेक्टच व्हायचा नाही, वर कर्सर न्यायचा आणि कीबोर्डवर एम दाबायचं. सहापासून साधं क्लिक करा, धरा, ओढा, जगातल्या बाकी सगळ्या प्रोग्रॅमसारखं. बोर्डाच्या आणि स्कीमॅटिकच्या दोन्ही खिडक्या एकसारख्या वागायला लागल्या. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच, बाकी थ्रीडी वगैरे दिसायला भारी. कारण नवीन पोरगं पहिल्या तासाला इथेच अडकायचं आणि त्याला वाटायचं पीसीबी डिझाईन हे फार अवघड प्रकरण आहे बुवा, आपलं काम नाही.

आणि एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती खरंतर तुमच्या लॅबसाठीच बनवल्यासारखी आहे. टियरड्रॉप. ट्रॅक (तांब्याची रेघ) जिथे पॅडला (पार्टच्या पायाभोवतीच्या तांब्याच्या चकतीला) येऊन मिळतो तिथे तो एकदम बारीकचा बारीक न ठेवता तांबं हळूहळू रुंद करत न्यायचं, एवढाच प्रकार. किकॅडमध्ये हे सातव्या आवृत्तीपासून आतच मिळतं, आधी प्लगिन शोधत बसावं लागायचं. आता कॉलेजच्या लॅबमध्ये बोर्ड कसा होतो? कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर असलेल्या पाटीवर) प्रिंट उतरवतात, नको असलेलं तांबं विरघळवायला फेरिक क्लोराईडमध्ये टाकतात, आणि मग हँड ड्रिलने भोकं. हात जरासा हलला की भोक पॅडच्या मधोमध न पडता कडेला सरकतं, एका बाजूची तांब्याची रिंग संपते, आणि ती बाजू नेमकी ट्रॅक येतो तीच असली की जोड तिथेच तुटला. डोळ्याला दिसत नाही. पोरगं आयसी बदलतं, रेग्युलेटर बदलतं, मल्टीमीटरचा बझर का वाजत नाही ते कळत नाही, शेवटी कुणीतरी सिनियर येऊन तिथे सोल्डरचा गोळा टाकतो आणि सर्किट चालू. टियरड्रॉप असता तर ड्रिल सरकूनही तिथे थोडं तांबं शिल्लक राहिलं असतं. माझे बोर्ड फॅबवाल्याकडे, म्हणजे बोर्ड बनवून देणाऱ्या फॅक्टरीत, मशीनवर ड्रिल होतात, मला त्याची गरज त्यामानाने कमी. गरज आहे ती हाताने ड्रिल करणाऱ्या पोरांना, आणि त्यांच्याकडेच ते बटण नाही.

नवव्या आवृत्तीत अजून दोन गोष्टी आल्यात ज्यांनी माझं रोजचं काम हलकं झालं. एक म्हणजे जॉबसेट. बोर्ड बनवायला पाठवायचा म्हणजे गर्बर (बोर्डाच्या तांब्याच्या थरांच्या फाईली) काढा, ड्रिल फाईल काढा, पार्टची यादी काढा, पीडीएफ काढा, आणि नवीन पोरगं ह्यातली ड्रिल फाईल हमखास विसरतं, मग फॅबवाल्याचा फोन, साहेब भोकं कुठायत. आता हे सगळं एकदा लावून ठेवायचं आणि एका फटक्यात सगळ्या फाईली बाहेर. दुसरं, आठ रिलेचं कार्ड असेल तर एका रिलेचा लेआउट नीट करायचा आणि तोच बाकीच्या सात चॅनलना तसाच्या तसा लावायचा. आधी हे हाताने करायचो आणि सहाव्या-सातव्या चॅनलपर्यंत कंटाळा येऊन ट्रॅक कसेही जायचे, खोटं कशाला बोलू.

नवीन म्हणजे सगळं उत्तम असं नाही. नव्या किकॅडला उजवीकडे लेयरचं पॅनल, डावीकडे प्रॉपर्टीजचं पॅनल, आणि लॅबमधले जुने छोटे मॉनिटर असतील तर मधे बोर्ड दिसायला खिडकीएवढी जागा उरते (पॅनल बंद करता येतात, पण हे कुणी सांगत नाही). विंडोज सातवर नवीन किकॅड चालतच नाही. रॅम चार जीबी असेल तर थ्रीडी व्ह्यू उघडून चहा प्यायला जावं. म्हणजे पीसीचाही प्रश्न आहेच, तो मी नाकारत नाही, आणि एका पत्राने सुटणारा नाही हेही कळतं.

आता कुणीतरी तुम्हाला सांगेल की साहेब, फुकटचं कशाला, चांगलं लायसन्सवालं घेऊ, इंडस्ट्रीत अल्टियम चालतं, ऑरकॅड चालतं. चालतं की! मोठ्या कंपन्यांत तेच चालतं आणि दहा-बारा लेयरच्या, हाय स्पीडच्या कामाला ते लागतंही. पण डिप्लोमाच्या पोराला दोन लेयरचा बोर्ड शिकायचाय. लॅबच्या पीसीसाठी घेतलेलं लायसन्स पोराच्या घरच्या लॅपटॉपवर आपोआप येत नाही, आणि ही कला आठवड्यातल्या एका प्रॅक्टिकलच्या तासात येत नाही, घरी बसून दहा बोर्ड बिघडवल्यावर येते.

शिवाय लायसन्सवाल्याचा भरवसा किती ते ईगलवरून बघा. १९८८ मध्ये जर्मनीच्या कॅडसॉफ्टने काढलेलं सॉफ्टवेअर, एकेकाळी हौशी लोक, कॉलेजं, सगळे त्याच्यावर. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं, पुढच्याच वर्षी सबस्क्रिप्शन सुरू केलं, आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ७ जून २०२६ ला ईगल बंद. फुकटच्या आवृत्तीत बोर्ड ८० चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठा करता येत नव्हता तो भाग निराळाच. ज्यांनी ज्यांनी ईगलवर मॅन्युअल लिहिलं त्यांचं मॅन्युअल आता वजनाला. किकॅड १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका प्राध्यापकाने, ज्याँ-पियेर शारास यांनी सुरू केलं, पुढे स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेने त्याला हातभार लावला, त्याचा सोर्स कोड जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी उघडा आहे, म्हणजे उद्या कुणी एका मालकाने कुलूप लावायचं म्हटलं तरी लागत नाही. आणि लांब कशाला जायचं, आपल्या पवईत आयआयटी बॉम्बेच्या फॉसी प्रकल्पाने ईसिम नावाचं सर्किट डिझाईनचं सॉफ्टवेअर बनवलंय, ते स्कीमॅटिकसाठी किकॅडच वापरतं आणि केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालतं. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने किकॅडचे व्हिडिओ धडेही केलेत. पण तेही जुन्या आवृत्तीवरचे, नेटलिस्टवाले, परत तेच.

तर साहेब, मागणं नवीन सॉफ्टवेअर विकत घ्या असं नाहीच. मागणं हे की मॅन्युअलमधले स्क्रीनशॉट आणि 'अमुक मेनूत जा, तमुकवर क्लिक करा' हे काढून टाकायला सांगा. प्रॅक्टिकल असं लिहा की हे घ्या सर्किट, बोर्डाचा साईझ एवढा, सिंगल साईड, ट्रॅक एक मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आता लेआउट करा. आणि मार्क कशाला? डिझाईन रूल चेकमध्ये (सॉफ्टवेअरच बोर्डातल्या चुका शोधतं त्या तपासणीत) शून्य एरर आहेत का, कनेक्टर कडेला आहे का मधेच बसवलाय, रेग्युलेटरच्या हीटसिंकला जागा सोडली का, कपॅसिटर आयसीच्या पिनजवळ आहे का, गर्बर आणि ड्रिल दोन्ही फाईली आहेत का. हे व्हर्जन चारमध्येही तपासता येतं आणि चौदामध्येही येईल. पोरगं घरून किकॅडच्या कुठल्याही व्हर्जनमध्ये करून आणू दे नाहीतर अजून कशात, गर्बर ही गर्बरच असते, आणि ती बघायचा व्ह्युअर किकॅडच्या सोबतच येतो.

लॅबमध्ये कुठलं व्हर्जन टाकायचं ह्याचा गोंधळही सोपा आहे. नवी आवृत्ती साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते, तिच्यातले सुरुवातीचे बग मे-जूनपर्यंत छोट्या अपडेटमध्ये बरेचसे निघतात, आणि आपलं कॉलेज त्यानंतरच उघडतं. म्हणजे आपल्या कॅलेंडरला इतकं सोयीचं वेळापत्रक कुणी मागूनही मिळालं नसतं. जूनमध्ये एक परिपत्रक काढा, ह्या वर्षी सगळ्या पॉलिटेक्निकमध्ये हे व्हर्जन, उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅब असिस्टंटने टाकून ठेवायचं, वर्षभर बदलायचं नाही. पुढच्या जूनमध्ये पुढचं. जिथे पीसी फारच जुने आहेत तिथे निदान एका लॅबला नवे द्या.

आणि सरांचं ट्रेनिंग. ह्याला खर्च नाही म्हणजे जवळजवळ नाहीच. दोन दिवसांत जुन्या किकॅडवाला माणूस नव्यावर येतो, मी पोरांच्या बाबतीत रोज बघतो. पण त्या दोन दिवसांची ऑन ड्युटी रजा मिळत नाही, सुट्टीत बोलावलं तर कोण येणार, आणि वर्षातून एकदा ऑनलाईन वेबिनार ठेवून हजेरीचं सर्टिफिकेट वाटलं की ट्रेनिंग झालं असं धरतात. ते ट्रेनिंग नव्हे साहेब. सरांना समोर बसवून एक बोर्ड करायला लावा, तो फॅबला पाठवा, आलेला बोर्ड त्यांनी स्वतः सोल्डर करावा.

केंद्राने २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग देशात बनवायला २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली, त्यात मल्टीलेयर पीसीबीही आहेत. चांगलंच आहे, फॅक्टऱ्या येतील. त्या फॅक्टऱ्यांना बोर्डाच्या फाईली लागतील, आणि त्या काढणारी पोरं तुमच्याच खात्याच्या लॅबमधून बाहेर पडणार आहेत.

भोसरी, चाकण भागातल्या सरांसाठी माझ्याकडून एक गोष्ट. शनिवारी दुपारनंतर युनिटमधले पीसी रिकामे असतात, नऊ टाकलेलं आहे, कुणाला येऊन बसायचं असेल तर बसा. आमच्याकडची पोरंच शिकवतील, फी नाही. फक्त त्या दिवसाची ऑन ड्युटी मंजूर होईल एवढं तुम्ही बघा.

कळावे,
आपला,
भोसरीतला एक लेआउटवाला